लोड-लॉकसाठी सॅम्पल ट्रान्सफर रॉड लोकल बनवून घ्यायचाय (ठाणे / नवी मुंबई), कुठून सुरुवात करू?

खारघरची_फिल्म

नमस्कार मंडळी,

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात पीएचडी करतेय, थिन फिल्मचं काम आहे. आमचा इव्हॅपोरेशनचा चेंबर (व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ करून पातळ थर चढवायची टाकी) जुना आहे पण बरा आहे, एसएसचा उभा सिलिंडर, आतून ३०० मिमी डाया, साडेचारशे उंची, खाली २०० लिटर/सेकंदचा टर्बो पंप आणि त्याच्यामागे रोटरी पंप. १०^-६ मिलिबार गाठतो. त्रास एवढाच की प्रत्येक सॅम्पल बदलायला अख्खा चेंबर हवेला उघडायचा आणि मग परत रात्रभर पंप लावून ठेवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारूच नका, दुपारी उघडलेला चेंबर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उणे पाचातच (१०^-५ मिलिबार) घुटमळत असतो.

तर साईडला एक केएफ-५० पोर्ट (क्लॅम्पने जोडायचं ५० मिमीचं व्हॅक्यूमचं तोंड) रिकामा आहे, त्याच्यावर छोटा लोड-लॉक लावायचा विचार आहे. म्हणजे सॅम्पल आधी छोट्या नळीत ठेवायचं, तेवढीच नळी खाली करायची, मधला व्हॉल्व्ह उघडायचा आणि रॉडने सॅम्पल आत सरकवायचं. स्ट्रोक साधारण ५०० मिमी लागतोय. सॅम्पल १५ बाय १५ मिमीचे काचेचे किंवा सिलिकॉनचे तुकडे, एका छोट्या प्लेटवर बसवलेले.

बाहेरून मॅग्नेटिक ट्रान्सफर रॉड आणि गेट व्हॉल्व्हचं कोटेशन मागवलं होतं, ते बघून सरांनी फाईल शांतपणे मिटवली. आमचं वर्षभराचं केमिकल आणि सबस्ट्रेटचं (ज्याच्यावर फिल्म चढवतो ते तुकडे) बजेट त्या दोन वस्तूंत जातं आणि वर कस्टम वेगळं. म्हणून विचारतेय, वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेला कुणाकडून असं काही बनवून घेता येतं का, आणि बनवायचंच तर ओ-रिंगमधून सरकणारा साधा रॉड की मॅग्नेटवाला? नेटवर दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत त्यामुळे डोकं जास्तच फिरलंय. मला लेथ-बिथ मधलं फारसं कळत नाही, ड्रॉइंग काढता येतं.

उणेसहा

आधी दोन गोष्टी सांगा. आत हीटर आहे का आणि किती डिग्रीचा? आणि पुढेमागे हा चेंबर बेक करून (तापवून आतलं पाणी घालवून) उणे नऊ-दहाला न्यायचं स्वप्न कुणाचं आहे का? कारण सगळा खर्च त्या एका उत्तरावर ठरतो. नेहमी बघतो, उणे सहाचं काम असतं आणि कॅटलॉग उघडतात उणे दहाचा, मग कोटेशन बघून घाम फुटतो.

खारघरची_फिल्म

सर, सबस्ट्रेट हीटर आहे, ३०० डिग्रीपर्यंत. मटेरियल सध्या चांदी आणि ॲल्युमिनियम. बेक वगैरे काही नाही, दरवाजाची ओ-रिंगच व्हायटनची (एक प्रकारचं रबर) आहे.

उणेसहा

मग सोपं आहे. आयुष्यभर एका सरकारी प्रयोगशाळेत हेच केलं, आता रिटायर होऊन ठाण्यात बसलोय, तेव्हा जरा लांबड लावतो.

तुमचा पंप २०० लिटर/सेकंद, प्रेशर पाहिजे १०^-६. दोघांचा गुणाकार करा, २×१०^-४ मिलिबार-लिटर/सेकंद. म्हणजे भिंतींतून सुटणारं पाणी, सगळ्या ओ-रिंगा, बारीकसारीक लीक, सगळं मिळून एवढ्या गॅसच्या आत राहिलं की झालं. आता नीट बसलेली, न हलणारी व्हायटनची छोटी ओ-रिंग याच्या हजार पटीने तरी कमी गॅस सोडते. त्यामुळे "ओ-रिंग म्हणजे लीक" ही जी भीती घालतात ती उणे दहावाल्यांची भीती आहे, तुमची नाही. तसंही १०^-६ ला स्वच्छ पृष्ठभागावर दोन-तीन सेकंदांत गॅसचा एक थर बसतोच, १०^-१० ला त्यालाच काही तास लागतात. ज्याला ते तास पाहिजेत त्याने बेलोज (घड्यांची धातूची नळी) आणि मॅग्नेटला पैसे घालावेत.

सरकता रॉड ही फार जुनी युक्ती आहे. रॉबर्ट विल्सन यांनी १९४१ मध्ये छापलेली, हेच पुढे फर्मीलॅबचे पहिले डायरेक्टर झाले. त्यांनी रबराच्या चपट्या शीटला रॉडपेक्षा लहान भोक पाडून त्यातून रॉड घातला होता, म्हणून अजूनही विल्सन सील म्हणतात. आपण हल्ली दोन ओ-रिंगा लावतो आणि दोघींच्या मधल्या जागेला ६ मिमीची नळी काढून ती रोटरीला जोडतो. मधली जागा ०.१ मिलिबारला असली की आतल्या रिंगेच्या बाहेरच्या बाजूला हवेचा दाब दहा हजार पटीने कमी झाला, मग ती रिंग थोडी खरचटली तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही. शिवाय हाच रॉड सरकतोही आणि गोल फिरतोही, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फिरणं किती कामाला येतं ते पकड ठरवताना कळेल.

एक मात्र लक्षात ठेवा. १२ मिमीच्या रॉडचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंमी, म्हणजे हवा त्याला सव्वा किलोच्या आसपास जोराने सतत आत ढकलत असते. हात सुटला की रॉड सरळ आत जातो आणि पुढे जे असेल त्याच्यावर आपटतो. रॉडवर हाताने घट्ट करायची एक कॉलर पहिल्या दिवसापासून पाहिजे, "नंतर लावू" म्हणू नका. आणि रॉड पूर्ण मागे आल्याशिवाय व्हॉल्व्हचं हँडल फिरणार नाही असा एक साधा पत्र्याचा अडसर करून घ्या, विद्यार्थी रॉडवरच व्हॉल्व्ह बंद करतात, हमखास.

वागळेचा_टर्नर

मॅडम, काम होतं हे, वागळेला पण होतं आणि रबाळेला पण. पण वर्कशॉपवाल्याला "व्हॅक्यूमचं काम आहे" एवढंच सांगू नका, तो पाण्याच्या टाकीचं समजून करून देईल. त्याला काय पाहिजे ते ड्रॉइंगवर आकड्यात लिहून द्या.

रॉडसाठी नवीन एसएस बार घेऊन ग्राइंडिंग करत बसू नका. हायड्रॉलिक सिलिंडरचा हार्ड क्रोम रॉड मिळतो, सीके ४५ स्टीलचा, १२ मिमी, तो आधीच ग्राइंड करून क्रोम करून आरशासारखा येतो, ओ-रिंगवर चालवायलाच बनवलेला असतो. नागदेवीला मिळेल, मशीद स्टेशनला उतरून चालत, मीटरवर कापून देतात. सीएनसीवाले लिनियर बेअरिंगचा जो शाफ्ट देतात तो पण चकचकीत असतो पण वरून हार्डन केलेला असतो, त्याच्यावर बाहेरून आटे पाडायला गेलात तर टूल मोडतं आणि मग टर्नर तुमच्या नावाने खडे फोडतो. सिलिंडरचा रॉड आतून मऊ असतो, आरामात ड्रिल होतो. फक्त कापलेल्या तोंडाला क्रोम नसतो, तिथे पावसाळ्यात गंज येणार, म्हणून पुढचं टोक ३०४ स्टेनलेसचं वेगळं करून आट्यावर बसवा.

वेल्डिंगचं. आर्गन वेल्डिंगच पाहिजे, आणि सलग टाका आतल्या बाजूने, म्हणजे व्हॅक्यूमच्या बाजूने. बाहेरून ताकदीसाठी पाहिजे तर तुकड्या-तुकड्यात टॅक मारा. आपले लोक प्रेमाने दोन्ही बाजूंनी सलग मारून देतात, बघायला छान दिसतं, पण मधल्या फटीत हवा अडकून बसते आणि आतला वेल्ड कुठे जरा सच्छिद्र असला की ती महिनोन्महिने हळूहळू निघत राहते. हीलियमने बाहेरून कितीही शोधा, सापडत नाही.

तसंच स्क्रूचं. आतल्या बाजूला जे काही बंद भोकात स्क्रू जातात त्यांच्या तळाला हवा अडकते. स्क्रूच्या मधून भोक पाडलेले विकत मिळतात पण महाग, आम्ही एम-३ चा स्क्रू धरून त्याच्या आट्यांवर एका बाजूने ग्राइंडरने चपटी रेघ मारतो, झालं काम. पिवळे-चंदेरी प्लेटिंगचे स्क्रू आत अजिबात नको, झिंक आणि कॅडमियम दोन्ही गरम झाले की उडतात आणि तुमच्या फिल्मवर जाऊन बसतात. पितळ पण हीटरजवळ नको, त्यात झिंकच आहे.

आणि बफिंग करून देऊ का विचारलं तर नको म्हणा. बफिंगचं मेण धातूच्या चरांमध्ये शिरतं ते कितीही धुतलं तरी निघत नाही. लेथवर बारीक फीडने फिनिश केलेलं पुरे. ओ-रिंग बसते तिथे टूलच्या रेघा गोलाकार असल्या तर चालतील, पण आडवा एक ओरखडा असला की तो थेट बाहेर जायचा रस्ता. डिलिव्हरी घेताना नखाने चाचपून बघा, लाजू नका.

पवईचं_चुंबक

मला इथे थोडा विरोध करायचाय. उणेसहा सरांचं गणित बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट सुटलीय. सरकत्या रॉडचा जो भाग बाहेर लॅबच्या हवेत असतो तोच आत जातो. बाहेर असताना त्याच्यावर पाण्याचा थर बसतो, आणि ठाणे-नवी मुंबईची पावसाळ्यातली हवा म्हणजे निम्मं पाणीच. कितीही ओ-रिंगा लावा, रिंग तो थर पुसत नाही. मॅग्नेटवाल्यात रॉड कायम व्हॅक्यूममध्येच असतो, बाहेर फक्त मॅग्नेटची कॉलर नळीवर सरकते. सरकतं सीलच नाही, त्यामुळे सव्वा किलोचा धक्का पण नाही.

आणि तो घरी करता येतो, अवघड नाही. नळी ३१६ एल ची घ्या, ३०४ नको, कारण ओढून काढलेली ३०४ ची नळी किंचित मॅग्नेटिक झालेली असते आणि कॉलर अडखळत चालते. भिंत दीड ते दोन मिमी, जास्त नको, प्रत्येक मिमीला पकड झपाट्याने कमी होते. आतले मॅग्नेट उघडे ठेवायचे नाहीत, निओडिमियम मॅग्नेट पावडर दाबून केलेले असतात आणि वरचं निकेल उडालं की आत सगळा भुसा. ते एसएसच्या डबीत वेल्ड करून बंद करायचे, पण वेल्ड करताना गरम होऊ द्यायचे नाहीत, साधे ग्रेडवाले ८० डिग्रीच्या वर गेले की कायमचे कमजोर होतात. १५० पर्यंत चालणारे मिळतात, त्याच्या वर समॅरियम कोबाल्ट.

तोटाही सांगतो. आत काही अडकलं आणि तुम्ही कॉलर ओढत राहिलात की मॅग्नेटची साथ सुटते, आणि परत पकडते तेव्हा टीएमटीच्या बसने ब्रेक मारल्यासारखा झटका बसतो, सॅम्पल प्लेटवरून उडतं. फिरवायचं असेल तर पोलची मांडणी आलटून-पालटून करावी लागते, नाहीतर कॉलर गोल फिरते आणि रॉड तसाच.

उणेसहा

पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण किती ते पण बघू. १२ मिमीचा ५०० मिमी रॉड म्हणजे १८८ चौरस सेंमी पृष्ठभाग. यांच्या चेंबरची आतली भिंत, वर-खाली झाकणं धरून, साडेपाच हजारांच्या पुढे. म्हणजे रॉड साधारण तीन टक्के, आणि तो आत असतो किती वेळ, अर्धं-पाऊण मिनिट. आज त्या दरवेळी शंभर टक्के भिंत ओली करतायत. तीन टक्क्यांसाठी डबीत मॅग्नेट वेल्ड करायला एका विद्यार्थिनीला लावू नका हो.

तुमचा रॉड ज्याला बेक करायचंय त्याच्यासाठी उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वेल्ड करताना मॅग्नेट गार ठेवणारा वेल्डर तुम्हाला पवईत मिळाला असेल, सगळ्यांना मिळत नाही.

पवईचं_चुंबक

तीन टक्के मान्य. पण सर, लोड-लॉक लावल्यावर चेंबरची भिंत कोरडीच राहणार ना, मग तुलना ओल्या भिंतीशी का करायची? पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्याकडे ओलं असं फक्त रॉड, प्लेट आणि लोड-लॉकची नळी एवढंच उरेल.

उणेसहा

हो, हे खरं आहे. मग असं करा ताई, रॉड एकदम आत न घालता लोड-लॉक खाली करतानाच अर्धा पुढे सरकवून ठेवा, व्हॉल्व्हच्या अलीकडेच. तेवढा भाग पंपिंगमध्ये आपोआप वाळतो. आणि लोड-लॉक व्हेंट करताना लॅबची हवा सोडू नका, कोरडा नायट्रोजन सोडा, रेग्युलेटर अगदी कमी ठेवून, कारण केएफचे क्लॅम्प आतून बाहेर येणाऱ्या दाबासाठी नसतात. पवईवाल्यांचं समाधान होईल एवढं पाणी यात जातं.

ऐरोलीकर

मी व्हॅक्यूमवाला नाही, सीएनसीवाला, पण वाचायला मजा येतेय. नागदेवीला शनिवारी जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. आणि वायरकटचं (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापायचं) काम असेल तर रबाळेला गल्लीगल्लीत मशीन आहेत, एका प्लेटसाठी नखरे करतात, एकदम वीस-पंचवीस प्लेटांचं द्या, पत्रे एकावर एक ठेवून एकाच कटमध्ये काढतात, दर फारसा वाढत नाही.

खारघरची_फिल्म

सगळ्यांचे खूप आभार, सरांना थ्रेड दाखवला, त्यांनी फाईल परत उघडलीय! ओ-रिंगवाला रॉडच करतोय. आता दोन ठिकाणी अडलेय. एक, मधला व्हॉल्व्ह, गेट व्हॉल्व्ह परवडतच नाही. दोन, प्लेट रॉडला धरायची कशी आणि आत गेल्यावर सोडायची कशी? मी रॉडच्या टोकाला एम-४ चे आटे आणि प्लेटला नट असं काढलंय, फिरवून सोडायचं.

वागळेचा_टर्नर

व्हॉल्व्हचं मी सांगतो. केमिकल प्लांटमध्ये वापरतात तो तीन तुकड्यांचा एसएस बॉल व्हॉल्व्ह, फुल बोअरचा, दोन इंची. उघडला की आतून ५० मिमीचा आरपार रस्ता, रॉड सरळ जातो. टीटीसी पट्ट्यात (ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा) एवढे केमिकलवाले आहेत की हा व्हॉल्व्ह कुठल्याही डीलरकडे पडलेला असतो. दोन्ही टोकांना केएफ-५० वेल्ड करून घ्या, पण वेल्डिंगआधी मधला तुकडा सोडवून बाजूला काढा, आतली सीट टेफ्लॉनची असते, ती तापली की धूर विषारी असतो आणि सीट पण जाते.

कंपनीतून येताना आत ग्रीस आणि टेस्टिंगचं तेल असतं, सगळं उघडून गरम पाणी-साबण, मग ॲसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). दांड्याचं पॅकिंग काढून तिथे दोन व्हायटनच्या ओ-रिंगा बसतील असा बुश करून देतो मी.

उणेसहा

बॉल व्हॉल्व्ह चालेल, पण त्यात एक खोड आहे. बंद असताना बॉल आणि बॉडीच्या मधल्या पोकळीत हवा भरून राहते. लोड-लॉक खाली केला, व्हॉल्व्ह उघडला, की ती हवा एका झटक्यात चेंबरमध्ये, टर्बो किंचाळतो. उपाय सोपा आहे, बॉलला ३ मिमीचं एक भोक पाडायचं, असं की व्हॉल्व्ह बंद असताना ते लोड-लॉकच्या बाजूला उघडेल. मग लोड-लॉकबरोबर पोकळी पण खाली होते. भोक चेंबरच्या बाजूला पाडलंत तर सगळंच उलटं, म्हणून बॉडीवर बाण कोरून ठेवा आणि हँडल उलटं बसणार नाही हे बघा. एक फायदा असाही की लोड-लॉक हवेला उघडा असताना हवेचा दाबच बॉलला चेंबरकडच्या सीटवर दाबून धरतो.

आता पकड. आटे नको. आत काही हाताला कळत नाही, ओ-रिंगच्या घर्षणातच सगळा अंदाज हरवतो, आटे वाकडे लागले की एसएस वर एसएस चिकटून बसतं आणि मग प्लेट आत, रॉड आत, व्हॉल्व्ह उघडा, आणि तुम्ही बाहेर.

अख्ख्या कामात खरं डिझाईन इथेच आहे, सील-बिल सगळं पुस्तकात मिळतं. त्यामुळे सुरुवात प्लेटपासून करा आणि मागे मागे येत रॉड, बुश (रॉडला आधार देणारी कडी), सील ठरवा. लोक उलटं करतात.

हिशोब असा. १२ मिमीचा भरीव रॉड ५०० मिमी बाहेर लटकला की स्वतःच्या वजनानेच टोक साधारण ०.३५ मिमी खाली येतं. टोकाला प्लेट-बिट धरून ५० ग्रॅम असेल तर अजून ०.१. हे झालं वाकणं. दुसरं, बुशमधला खेळ. दोन बुश ६० मिमी अंतरावर आणि त्यात ०.०५ मिमीची मोकळीक असेल तर टोकाला तोच खेळ जवळपास ०.४ मिमी होतो. म्हणजे वाकण्याएवढाच. बुश १५० मिमी लांब लांब ठेवलेत तर तो ०.१७ वर येतो, फुकटात. लांबी मात्र उगाच वाढवू नका, रॉड दुप्पट लांब केला की स्वतःच्या वजनाचा झोल सोळापट होतो, मीटरभर रॉडला साडेपाच मिमी.

तर टोक कुठेतरी अर्धा ते एक मिमी इकडेतिकडे असणार हे धरूनच पकड बनवायची. मी करायचो ती अशी: रॉडच्या टोकाला ८ मिमीची खुंटी, तिला आडवी २ मिमीची पिन, पुढे निमुळतं. प्लेटच्या मागे एक कप, त्याला दोन बाजूंना जे-आकाराच्या खाचा, कपाचं तोंड आतून उतरतं, एका बाजूला निदान दीड मिमीचं. खुंटी चुकली तरी उताराने स्वतःच आत येते. ढकला, पाव फेरा फिरवा, धरलं. चेंबरमध्ये प्लेट एका खाचेत सरकते आणि स्प्रिंगच्या पट्टीखाली दबून बसते, रॉड उलटा फिरवून मागे घ्या. आता कळलं फिरणं का पाहिजे होतं?

पवईचं_चुंबक

स्प्रिंगच्या पट्टीबद्दल भर घालतो. बेरिलियम कॉपर सगळे सुचवतात पण हीटर ३०० चा आहे, त्या तापमानाला हळूहळू त्याचा स्प्रिंगपणा जातो, आणि त्याला घरी कानस मारू नका, धूळ फुफ्फुसाला वाईट. इन्कोनेलची पट्टी मिळाली तर ती, नाहीतर एसएसची स्प्रिंग पट्टी हीटरपासून जरा लांब ठेवून. आणि प्लेट कुठल्याही आकाराची स्वतःच्या मनाने काढू नकोस, १८ बाय १५ मिमीची, एका बाजूला कान असलेली झेंड्यासारखी प्लेट असते ना, बऱ्याच सरफेस सायन्सच्या लॅबमध्ये तीच चालते. मागे सरांचा कप लावायचा तर त्या कानावर एक छोटं पकडसाधन करावं लागेल, पण उद्या तुझं सॅम्पल दुसऱ्याच्या मशीनमध्ये मोजायचं झालं तर प्लेटसकट देता येतं.

खारघरची_फिल्म

हे भारी आहे, आमची फिल्म एक्सपीएसला (पृष्ठभागावर कुठली मूलद्रव्यं आहेत ते मोजायला) बाहेरच जाते. मग १५ मिमीचं सॅम्पल १८ बाय १५ वर बसेल पण क्लिपला जागा राहत नाही, सॅम्पल १० बाय १० करावं लागेल. करते.

सर, बुश कशाचे करू? टर्नर काकांच्या ओळखीतले एकजण म्हणाले तयार बुश मिळतात तेच ठोका.

वागळेचा_टर्नर

ते तयार मिळतात ते तेल पाजलेले असतात मॅडम! दाबलेल्या पावडरचे, आत तेल भरलेलं, पंख्यात असतात तसे. आत तर नकोच, पण मागच्या हवेच्या बाजूला पण नको, कारण तोच रॉड तेल पुसून पुढे सीलमधून आत घेऊन जातो. भरीव फॉस्फर ब्राँझ किंवा पीक (पीईईके, कडक प्लास्टिक) घ्या. टेफ्लॉन हळूहळू दबून सैल होतं आणि नायलॉन पाणी पितं.

उणेसहा

बरोबर. आणि सीलला सिलिकॉन ग्रीस लावू नका, ते पसरत पसरत सबस्ट्रेटपर्यंत जातं आणि मग फिल्म सोलून येते. व्हॅक्यूमचं हायड्रोकार्बन ग्रीस, अगदी बोटाला लागेल न लागेल इतकं.

जोडून झालं की चेंबरला लावायच्या आधी नुसत्या लोड-लॉकची परीक्षा घ्या. खाली करा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा, पिराणी गेजवर बघून दर मिनिटाला प्रेशर लिहा. वेळेबरोबर सरळ रेषेत चढत राहिलं तर कुठेतरी खरा लीक आहे. आधी चढून मग सपाट व्हायला लागलं तर ते भिंतीतलं पाणी किंवा अडकलेली हवा, आणि दोन-चार वेळा पंप केल्यावरही तेवढंच राहिलं तर टर्नर साहेबांनी सांगितलेले स्क्रू आणि वेल्ड तपासा.

खारघरची_फिल्म

ड्रॉइंग काढलं. सीलच्या हाऊसिंगचे मुख्य आकडे टाकते, कुणी बघेल का: रॉड १२, ओ-रिंग आतून १२ आणि जाडी २.५, खोबणीची खोली रॉडच्या पृष्ठभागापासून २.०, रुंदी ३.३, दोन खोबण्यांत २० मिमी अंतर, मध्ये ६ मिमीची पंपिंग नळी. बुश दोन्ही टोकांना, १५० वर. पुढचा पीक, मागचा फॉस्फर ब्राँझ.

वागळेचा_टर्नर

खोली २.० म्हणजे ओ-रिंग वीस टक्के दबली, ते न हलणाऱ्या जोडाला ठीक. सरकणाऱ्या रॉडला एवढी दाबलीत तर रॉड ओढताना पाय भिंतीला लावावा लागेल आणि रिंग पिळवटेल. २.२ करा, बारा टक्के येते. म्हणजे खोबणीचा डाया १६.४. बाकी अंतर, रुंदी ठीक आहे. खोबणीच्या कडा मारून ठेवायला लिहा, ०.२ ची गोलाई, नाहीतर बसवतानाच रिंग कापली जाते. आणि रॉडचं जे टोक रिंगेतून पहिल्यांदा जाणार त्याला लांब चँफर (तिरकी उतरती कड), ड्रॉइंगवर दिसत नाहीये तो.

पीकचा बुश बोअर करताना थंड होऊ द्यायचा आणि मग मापायचा, तापलेला असताना घेतलेलं माप नंतर बदलतं. तुमचा माणूस नवीन असेल तर हे पण लिहून द्या.